पंगतीबाहेरचे पारितोषिक

२९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. ‘गॉन विथ द विंड’मधील भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनिएल हिला साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ऑस्कर मिळविणारी ती पहिली काळी व्यक्ती. पण त्या हॉटेलात काळ्यांना मज्जाव होता. निर्माता सेल्झनिकने रदबदली केली तेव्हा तिला आत घेतले आणि सहकलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या लहान टेबलाशी बसविले. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

हॅटीचा बाप हेन्री जन्माने गुलाम. अमेरिकन यादवी युद्धात तो उत्तरेच्या सैन्यातून लढला. गुलामांना मुक्त करणाऱ्या त्याच अमेरिकनांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. बेडी कायद्याने तुटली. गोऱ्या समाजाच्या मनातली शाबूत राहिली.

हॅटी कॅन्सस राज्यात जन्मली, तेरा भावंडांत धाकटी. मंदीच्या काळात मिलवॉकीच्या एका क्लबात तिने स्वच्छतागृहात नोकरी केली आणि पुढे तिथेच गाऊ लागली. हॉलिवूडमध्ये आल्यावर भूमिका मिळाल्या त्या बहुतेक मोलकरणीच्या. ‘गॉन विथ द विंड’मधल्या तिच्या पात्राला स्वतःचे नावसुद्धा नाही. सगळे तिला ‘मॅमी’ म्हणतात. मालकाच्या घरात समाधानाने राबणारी गुलाम, हे चित्र गोऱ्या प्रेक्षकाला हवे होते. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा जॉर्जियातील वर्णभेदामुळे हॅटीला त्यात स्थान नव्हते.

काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी अशा भूमिकांवर कडक टीका केली. टीका रास्त होती. पण नकार देणाऱ्यांचे काय झाले? फ्रेडी वॉशिंग्टन वर्णाने इतकी उजळ, की गोरी म्हणून सहज खपली असती. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ (१९३४) मध्ये तिने जात लपविणाऱ्या मुलीची भूमिका केली; प्रत्यक्षात मात्र आपले काळेपण लपविण्यास ती तयार झाली नाही. गोऱ्या-काळ्यांचे प्रेम दाखविण्यास हॉलिवूडच्या नियमावलीची बंदी. मग तिला नायिका कोण करणार? लवकरच ती पडद्यावरून दूर झाली. एकीने पडते घेतले, दुसरीने घेतले नाही. दरवाजा दोघींनाही बंदच होता.

म्हणून हॅटीला लाचार ठरविण्याआधी तिचा दुसरा लढा पाहावा. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ वस्तीत काळ्यांनी घरे घेतली, तेव्हा गोऱ्या शेजाऱ्यांनी खरेदीखतातील वर्णबंदी पुढे करून त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. हॅटीने शेजारी संघटित केले आणि १९४५ साली खटला जिंकला. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात दिला. पडद्यावर मालकिणीच्या घरात राबणारी बाई स्वतःच्या घरासाठी कोर्टात उभी राहिली होती.

१९५२ साली ती वारली. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत पुरावे, ही तिची इच्छा होती. तिथेही काळ्यांना जागा नव्हती. तिच्या नावाचा दगड तिथे १९९९ साली बसला. हॉवर्ड विद्यापीठाला तिने दिलेले पारितोषिक हरवले. त्याच्या जागी दुसरे २०२३ साली देण्यात आले.

हॉलिवूडने मॅमीला डोक्यावर घेतले आणि हॅटीला भिंतीकडे बसविले. आपल्या कलावंतांचे सत्कार होतात तेव्हा आपणही एवढे विचारावे : हार कोणाच्या गळ्यात पडला, आणि जेवायला त्याला कुठे बसविले?