'मी' की 'आम्ही'? एका शब्दावर रद्द झालेले बाप्तिस्मे

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र काढलं. त्यांच्या एका फादरनी कित्येक वर्षं बाप्तिस्मा देताना 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. पाणी होतं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावं होती, मांडीवर लेकरू घेऊन आईबाप होते. चुकला तो एकच शब्द. बिशपांनी जाहीर केलं की १७ जून २०२१ पर्यंत या फादरच्या हातून झालेले बाप्तिस्मे ग्राह्य नाहीत. आकडा हजारोंच्या घरात जाईल असं सांगितलं गेलं. फादरनी माफी मागितली आणि पद सोडलं.

बातमी आली तेव्हा बरेच जण हसले. एवढ्याशा शब्दानं काय होतं? पण आपण महाराष्ट्रातल्यांनी हसायचं कारण नाही. पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून कोल्हापुरात काय पेटलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथं प्रश्न अधिकाराचा आणि जातीचा होता, इथं वेगळा आहे. पण विधीतल्या शब्दांमागे नेहमी काहीतरी मोठं उभं असतं, एवढं दोन्हीकडे सारखं.

बाप्तिस्म्याच्या शब्दांचा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. मूळ बायबलमध्येच दोन धागे आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगतो. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र लोकांना येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. तीन नावं की एक? बहुतेक चर्चेसचं उत्तर असं की 'येशूच्या नावाने' म्हणजे येशूनं दिलेल्या अधिकारानं; तोंडानं म्हणायचे शब्द तीन नावांचेच. 'दिदाखे' नावाची अगदी सुरुवातीच्या काळातली एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यात तीन नावांनी बाप्तिस्मा द्या असं आहे. वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे पाण्याच्या बाबतीत बरीच सवलत, नावांच्या बाबतीत नाही.

तिसऱ्या शतकात पहिला मोठा खटका उडाला. चर्चमधून फुटलेल्या गटानं दिलेला बाप्तिस्मा चालतो का? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, अजिबात नाही, पुन्हा द्या. रोमचे बिशप स्टीफन म्हणाले, झालेला बाप्तिस्मा झाला, फक्त हात ठेवून परत आत घ्या. सन २५६ मध्ये कार्थेजला ८७ बिशप जमले आणि त्यांनी सिप्रियनच्या बाजूनं मत दिलं. पश्चिमेत पुढे टिकली मात्र रोमची बाजू. ३१४ च्या आर्लच्या परिषदेनं ठरवलं की आलेल्या माणसाला त्याची श्रद्धा विचारा. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यात झाला असेल तर पुन्हा देऊ नका. म्हणजे कोणी दिला हे दुय्यम झालं, आणि कशात दिला हे मुख्य.

आता माझा आवडता प्रसंग. आठवं शतक, बव्हेरिया. तिथल्या एका पाद्र्याला लॅटिन धड येत नव्हतं. पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने म्हणताना त्यानं व्याकरणाची अशी वाट लावली की शब्दशः अर्थ जवळपास 'मातृभूमी आणि मुलगी' यांच्या नावाने असा व्हावा! बोनिफेस हे मोठे मिशनरी. त्यांनी हुकूम काढला, हे बाप्तिस्मे पुन्हा करा. प्रकरण पोप झकरी यांच्याकडे गेलं. ७४६ मध्ये त्यांनी बोनिफेसना कळवलं की पाद्र्यानं नवीन शिकवण आणलेली नाही, फक्त भाषा न आल्यामुळे जीभ घसरली आहे. अशा बाप्तिस्म्याची पुनरावृत्ती नको. हा निकाल मला शहाणपणाचा वाटतो.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर 'मी' हा शब्दच नाही. तिथं 'देवाचा हा सेवक बाप्तिस्मा पावत आहे' अशा अर्थाचे शब्द म्हणतात. केरळच्या सुरियानी परंपरेचा ढंगही असाच. त्यांच्यातल्या सिरो-मलबार कॅथलिकांचं धर्मप्रांत आपल्या कल्याणलाही आहे, म्हणजे ही पद्धत आपल्याला फार परकी नाही. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत रोमनंही हा प्रकार ग्राह्य धरला. मग 'मी' नसला तर चालतो आणि 'आम्ही' चालत नाही, हे काय गौडबंगाल?

त्याचं उत्तर व्हॅटिकननं ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात आहे. विधी करणारा फादर स्वतःच्या वतीनं बोलत नाही आणि जमलेल्या मंडळींच्या वतीनंही नाही. बाप्तिस्मा खरा देणारा ख्रिस्त, फादर हे त्याचं साधन. हा विचार संत ऑगस्टीनपासून चालत आलाय. 'आम्ही' म्हटलं की देणारा समूह होतो. सेवक बाप्तिस्मा 'पावतो' म्हटलं तर देणाऱ्याची जागा देवासाठी मोकळी राहते. शिवाय कोणाही फादरला मनानं शब्द बदलायचा अधिकार नाही. 'आम्ही' म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आईबाप, नातेवाईक, सगळी मंडळी यात सामील आहेत असं त्यांना दाखवायचं होतं. पण हेतू चांगला म्हणून शब्द चालले नाहीत.

याच न्यायानं २००८ मध्ये 'निर्माता, तारणारा आणि पवित्र करणारा' यांच्या नावाने दिलेले बाप्तिस्मेही अमान्य ठरले. पिता आणि पुत्र हे पुरुषवाचक शब्द टाळावेत म्हणून काही ठिकाणी हा बदल झाला होता. आणि त्याआधी २००१ मध्ये मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा अमान्य ठरला. तिथं तर तीन नावं जशीच्या तशी आहेत! पण पिता, पुत्र, आत्मा म्हणजे कोण याची त्यांची समजूतच वेगळी, असं रोमचं म्हणणं. बघा गंमत. बव्हेरियात शब्द चुकले तरी बाप्तिस्मा टिकला, मॉर्मनांचे शब्द बरोबर असूनही टिकला नाही.

दुसरीकडे प्रॉटेस्टंटांमध्येही फूट पडली. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अरोयो सेको इथं पेंटेकोस्टल मंडळींचं शिबिर भरलं होतं. तिथं एका प्रवचनात मुद्दा निघाला की प्रेषितांनी तर येशूच्याच नावानं बाप्तिस्मा दिला होता. त्यातून एक गट उभा राहिला. ते म्हणतात, येशूनं 'नावाने' असं एकवचनात सांगितलं, आणि ते एक नाव म्हणजे येशू. कित्येकांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या संस्थेनं त्रैक्याची बाजू घेतली, तेव्हा दीडशेच्या वर पाळक बाहेर पडले. आजही 'फक्त येशू' मानणारी चर्चेस त्रैक्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा पुरेसा धरत नाहीत.

आपल्याकडचं एक उदाहरण मला यात महत्त्वाचं वाटतं. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, सोबत छोटी मनोरमा. विधी अँग्लिकन पद्धतीचा, पण त्रैक्याची शिकवण रमाबाईंनी मुकाट्यानं गिळली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून त्यावर जोरदार वाद घातला. शब्द कानावर पडले म्हणून माणूस विचार करायचा थांबत नाही, हे त्या बाईंनी दाखवलं.

आता पुन्हा अमेरिका. व्हॅटिकनचं टिपण वाचून मॅथ्यू हूड नावाच्या डेट्रॉइटच्या तरुण फादरनी १९९० मधल्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची व्हिडिओ पाहिली. बाप्तिस्मा देणारा डीकन स्पष्ट म्हणत होता, 'आम्ही'. म्हणजे हूड बाप्तिस्मा झालेले नव्हते, म्हणून २०१७ ची गुरुदीक्षाही झालेली नव्हती. त्यांनी म्हटलेली मिस्सा, ऐकलेली पापांची कबुली, सगळं अधांतरी. त्यांनी लावलेली लग्नं तपासायची वेळ आली. टिकले ते त्यांनी दिलेले बाप्तिस्मे. कारण कॅथलिक नियमानुसार अडीअडचणीला कुणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेली दाईसुद्धा, योग्य शब्द, पाणी आणि हेतू असेल तर बाप्तिस्मा देऊ शकते. हूड यांनी त्याच महिन्यात बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत सगळं पुन्हा घेतलं.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. शब्द ठरलेले असावेत हे मला मान्य आहे. ते ठरलेले असतात म्हणून तर गरिबाच्या लेकराला आणि श्रीमंताच्या लेकराला एकच विधी मिळतो, फादरच्या लहरीवर काही राहत नाही. पण चुकतो तो विधी करणारा आणि निस्तरतो तो ज्याच्या डोक्यावर पाणी पडलं. सातबाऱ्यावर नाव लिहिताना चूक दुसऱ्याची होते आणि चपला शेतकऱ्याच्या झिजतात, तसंच हे. फिनिक्सच्या त्या बाळांना काय माहीत 'मी' आणि 'आम्ही' मधला फरक? नियम कडक हवा तो चालवणाऱ्यासाठी. घेणाऱ्याच्या बाबतीत पोप झकरींसारखं विचारावं: शिकवण बदलली होती का, की नुसती जीभ घसरली?

फिनिक्समध्ये जीभ घसरली नव्हती, शब्द जाणूनबुजून वापरला होता, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण जाणूनबुजून वापरला तो फादरनी, बाळानं नाही.

आपल्या भागात कुणी 'बाप्तिस्मा' म्हणतं, वसईकडे 'स्नानसंस्कार' म्हणतात. तुमच्या चर्चमध्ये नेमके कोणते शब्द म्हणतात आणि ते कधी बदलले का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून इथं जरूर लिहा. फक्त एकमेकांचा बाप्तिस्मा रद्द करत बसू नका.