चांदणी : एका अनुस्वाराचे अंतर

ताऱ्यांपासून पृथ्वीवर पोचणाऱ्या प्रकाशाला इंग्रजीत ‘स्टारलाइट’ म्हणतात. ‘स्टार’ म्हणजे तारा आणि ‘लाइट’ म्हणजे उजेड, अशी या सामासिक शब्दाची सरळ फोड आहे आणि ‘सनलाइट’, ‘मूनलाइट’ हे शब्दही त्याच साच्यातले आहेत. मराठीने असा एकच साचा वापरला नाही. सूर्यप्रकाशाला तिने ‘ऊन’ म्हटले, जो शब्द ‘उष्ण’पासून आलेला असल्यामुळे उजेडाच्या आधी चटका सांगतो, आणि सोलापूरच्या वैशाखात तो किती नेमका आहे हे अंगालाच कळते. चंद्रप्रकाशाला ‘चांदणे’ हे नाव मिळाले. ताऱ्यांच्या उजेडासाठी मात्र ‘तारकाप्रकाश’ हा ग्रंथांतला शब्द सोडला, तर रोजच्या बोलण्यात स्वतंत्र शब्द नाही. ‘चांदण्यांचा उजेड’ असे दोन शब्दांत सांगावे लागते.

यातला ‘चांदणी’ हा शब्दच खरा विलक्षण आहे, कारण त्याचे मूळ चंद्रात असून मराठीत तो ताऱ्याला लागतो. हिंदीत ‘चाँदनी’ म्हणजे चंद्रप्रकाश. मराठीत ‘चांदणे’ नपुंसकलिंगी आणि ‘चांदणी’ स्त्रीलिंगी असून, टोपले आणि टोपली किंवा पातेले आणि पातेली यांच्यात जे थोरल्या-धाकट्याचे नाते आहे तेच या जोडीतही असावे, म्हणजे चांदणी हा चांदण्याचा लहानसा कण ठरावा, असे मानणे भाषेच्या वळणाला धरून आहे. शुक्र हा ग्रह असूनही ‘शुक्राची चांदणी’ म्हणण्यात कोणाला काही खटकत नाही, यावरूनही हा शब्द खगोलातील वर्ग सांगत नसून डोळ्यांना दिसणारा उजेडाचा ठिपका सांगतो हे स्पष्ट होते.

आणखी मागे गेले, तर चंद्र आणि तारा यांच्या नावांतला हा गोंधळ उरतच नाही. संस्कृतात ‘चन्द्र’ हे आधी ‘चमकणारा’ या अर्थाचे विशेषण होते. आकाशातल्या चंद्राचे जुने नाव ‘मास्’, ज्यावरून महिन्यालाही ‘मास’ म्हणतात, आणि ‘चन्द्रमस्’ म्हणजे चमकणारा मास्; पुढे विशेषणच नाव होऊन बसले. या विशेषणाचे अधिक जुने रूप ‘श्चन्द्र’ असे होते. आरंभीचा ‘श्’ एरवी गळाला, पण ‘हरिश्चंद्र’ या नावात तो आजही ऐकू येतो, आणि नेहमीच्या संधिनियमांनी या ‘श्’चा उलगडा होत नसल्यामुळे पाणिनीला त्यासाठी वेगळे सूत्र करावे लागले. लॅटिनमधील चकाकण्याचा ‘कांदेरे’ हा धातू आणि त्यावरून आलेला मेणबत्तीचा इंग्रजी शब्द ‘कँडल’ हे याच कुळातले आहेत. ‘तारा’ या शब्दाची कथाही अशीच आहे. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृभिः’ असे सकारासह रूप येते. तो सकार फारसीच्या ‘सितारा’त, ग्रीकच्या ‘अस्तेर’मध्ये, लॅटिनच्या ‘स्तेला’त आणि इंग्रजीच्या ‘स्टार’मध्ये टिकला, संस्कृतच्या ‘तारा’त मात्र गळून पडला. तेव्हा ‘स्टारलाइट’चा पूर्वार्ध मराठीला परका नाही, आणि ताऱ्याला ‘चांदणी’ म्हणणारी मराठी नकळत ‘चमकणारा’ या मूळ अर्थाकडेच परतली आहे.

सोलापुरात या शब्दाला जे शेजारी लाभले, तसे महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांत लाभले असतील. 12 व्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि अक्कलकोटच्या बाजूला ती भाषा आजही घरोघरी बोलली जाते, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे शहराच्या पूर्व भागात तेलुगू रुजली, दखनीही येथलीच. कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत चंद्रप्रकाशाची नावे, अनुक्रमे ‘बेळदिंगळु’ आणि ‘वेन्नेल’, पांढरेपण व चंद्र या दोन कल्पनांच्या जोडणीतून झाली आहेत. ताऱ्याला मात्र तेलुगूत ‘चुक्क’ आणि कन्नडमध्ये ‘चुक्की’ म्हणतात, आणि दोन्हींचा आणखी एक अर्थ ठिपका असा आहे. उंबऱ्यासमोर सडा टाकून तेलुगू घरातली बाई चिमटीतून एकेक पांढरा ठिपका सोडते आणि मग रेषांनी ते जोडत जाते, तेव्हा त्या ठिपक्यांना ती जे ‘चुक्कलु’ म्हणते तेच रात्री आकाशातल्या ताऱ्यांनाही म्हणते. शेजारच्या मराठी घरात त्याच ताऱ्यांना ‘चांदण्या’ म्हणतात, तर पलीकडच्या दखनी घरात ‘चाँदनी’ म्हटले की चंद्राचा उजेड समजतात.

मराठीपुरता घोटाळा विभक्तीत होतो. ‘चांदण्यात’ म्हणजे चंद्रप्रकाशात, आणि ‘चांदण्यांत’ म्हणजे ताऱ्यांमध्ये. लिहिताना दोहोंत एका अनुस्वाराचे अंतर असते, बोलताना तेही बहुधा पुसले जाते. प्रत्यक्षात पौर्णिमेच्या उजेडापुढे साऱ्या ताऱ्यांचा एकत्रित उजेडही शेकडो पटींनी क्षीण असतो, आणि आकाशात पूर्ण चंद्र असताना त्यांपैकी बहुतेक तारे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.