चालू यंत्रणा बदलताना: रेल्वे आरक्षणाची चाळीस वर्षं

आमच्या कोहक्यातून नागपूर-पुण्याकडे जायचं, तर बहुतेक जण दुर्ग स्टेशनवर गाडी पकडतात. तिकीट मोबाइलवर निघतं. त्या तिकिटामागे चाळीस वर्षं चालत आलेली यंत्रणा आहे. जुनी संगणक प्रणाली काम न थांबवता नवी कशी करायची, हे तिच्या इतिहासातून चांगलं कळतं.

पूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवह्या आणि लांबच लांब रांगा. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने केलेल्या त्या प्रणालीचं नाव 'इम्प्रेस'. ती व्हॅक्स संगणकांवर चालायची. १९८६ मध्ये रेल्वेने 'क्रिस' ही स्वतःची संस्था काढली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही केंद्रं झाली. पण प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र. मग क्रिसने 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली तयार केली. ती १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला बसवली, तिथे पारखली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांना जोडली.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीटविक्री सुरू झाली. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. ई-तिकीट २००५ मध्ये आलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संकेतस्थळ ही फक्त नवी खिडकी होती. जागा देण्याचं काम आतली जुनी प्रणालीच करत होती. २०१४ मध्ये ही खिडकी नव्याने बांधली आणि मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटं देण्याची क्षमता आली. आतलं कोठार मात्र चालूच राहिलं.

सगळं एकदम का बदलत नाहीत? कारण त्या कोठारात नियम मुरलेले आहेत: कोटा, आरएसी, प्रतीक्षा यादी, तत्काळ, परतावा. नव्या प्रणालीत एखादा नियम उतरायचा राहिला, तर कुणाचा तरी बर्थ जातो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली, पण आधी काढलेली तिकिटं वैध राहिली. म्हणजे काही काळ जुना आणि नवा, दोन्ही नियमांची तिकिटं एकाच वेळी सांभाळावी लागली.

फौजेत चौकीचा ताबा बदलतानाही हीच पद्धत असते. नवी तुकडी येते, जुनीबरोबर राहून जागा आणि वाटा समजून घेते, यादीप्रमाणे सामान मोजून घेते. मगच जुनी तुकडी निघते. चौकी क्षणभरही रिकामी राहत नाही.

२०२५ च्या मध्यावर रेल्वेने आतली प्रणालीही बदलण्याचा बेत जाहीर केला. तेव्हाची यंत्रणा २०१० सालची, इटॅनियम सर्व्हरवरची. तिची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटांची. नवीचं उद्दिष्ट दीड लाखांहून जास्त.

वेग वाढला तर आनंदच आहे. पण आपल्यासारख्या प्रवाशांसाठी खरी कसोटी वेगळी आहे. जुन्या यंत्रणेवर काढलेल्या तिकिटाचा प्रवासी नव्या यंत्रणेच्या दिवशी गाडीत चढला आणि त्याला त्याचाच बर्थ मिळाला, तर समजा की ताबा नीट बदलला. तुमच्या बँकेत, शाळेत, सोसायटीत जुनी प्रणाली बदलायला निघाले, तर हाच प्रश्न आधी विचारा: जुन्या नोंदी आणि जुने नियम मोजून घेतले का?