जीप आणि पद्मिनी : दोन काळ्या-पिवळ्या

मोटारींचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वाहनाभोवती भाषेने काय गोळा केले, याची नोंद त्यात क्वचितच सापडते. म्हणून आम्ही येथे मुंबईत घडलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहत आहोत : माझगावात १९४९ पासून जिची जुळणी होऊ लागली ती विलीज जीप, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट, जी सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली.

जीप महायुद्धातून आली. सुमारे २.२ लिटरचे इंजिन, खाली कमानपाटे, वर कापडी हूड, आणि पुढची चाके जुंपण्यासाठी वेगळी दांडी. दारांचा पत्ता नाही. पद्मिनीचे इंजिन जेमतेम १०८९ सीसीचे. ताकद फक्त मागच्या चाकांना, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. पण तिला चार दारे होती आणि ती बंद होत. आमच्या मते खरा भेद इंजिनात नसून या दारांत आहे. फियाटमध्ये कुटुंब बसते. जीपमध्ये बसलेला माणूस साऱ्या गावाला दिसतो, किंबहुना दिसावा म्हणूनच बसतो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढत गेले, आणि जीप ही सत्तेची खूण ठरली. ग्रामीण कथेत धूळ आधी उठते, साहेब मागून उतरतात. पद्मिनीला असा दरारा कधी लाभला नाही. तिच्यासाठी मध्यमवर्गाने नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, एवढेच.

तरीही जीप म्हणजे गाव आणि फियाट म्हणजे शहर, ही वर्गांत सर्रास सांगितली जाणारी वाटणी आम्हांस पटत नाही. पुढे महिंद्राने दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाड्याही विकल्या. म्हणजे जीपचे जीपपण गेले, नाव तेवढे उरले. (नावे अशीच टिकतात.) साहेबांची ही गाडी मग दाटीवाटीने माणसे वाहू लागली. सातारा-कोल्हापूरकडे तिला ‘वडाप’ म्हणतात, मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’.

आणि इथेच वाचकाची फसगत होते. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे टॅक्सी, आणि कित्येक दशके टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. मराठवाड्यातल्या कथेत मात्र ‘काळी-पिवळीत जागा मिळाली’ असे आले, तर ती जागा मागच्या फळीवरची, कदाचित पायरीवरचीही असते. मुंबईचा विद्यार्थी तिथे मीटर आणि बंद काच कल्पितो. आणि पात्राची सगळी आर्थिक स्थितीच चुकीची वाचतो.