नाव तेच, माणसे वेगळी : 'द डब्लिनर्स' या आयरिश लोकसंगीत गटाची पन्नास वर्षे (1962–2012)



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. यंत्राची देखभाल शिकवताना एक प्रश्न दरवर्षी वर्गात निघतो. बेअरिंग बदलले, शाफ्ट बदलला, मोटर बदलली, तरी मशीनवरची नावाची पाटी मात्र जुनीच आहे. मग हे तेच मशीन म्हणायचे का? आज हाच प्रश्न आपण एका गाणाऱ्या गटाला विचारणार आहोत. हा गट आयर्लंडच्या राजधानीतला, डब्लिन शहरातला आहे. तो 1962 मध्ये सुरू झाला आणि 2012 मध्ये थांबला. या पन्नास वर्षांत त्यात कोण आले, कोण गेले आणि नाव कशामुळे टिकले, हे आपण पाहू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आयर्लंडमध्ये जुने नृत्यसंगीत आणि जुनी गाणी होतीच, पण शहरी मंडळी त्यांना बरीचशी खेड्यातली गोष्ट समजत. 1961 मध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे अमेरिकेतल्या दूरदर्शनवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले आणि वारे फिरले. पुढच्या काही वर्षांत गिटार आणि बँजो घेऊन लोकगीते म्हणणारे गट आयर्लंडभर उभे राहिले. (परदेशात नाव झाल्यावर घरच्यांना आपल्याच गोष्टीची किंमत कळते, हा अनुभव जगात कुणाला नवा नाही.)

डब्लिनमध्ये मेरियन रो नावाच्या रस्त्यावर ओ'डोनोह्यू यांचा पब आहे. तिथे जमणाऱ्यांपैकी चौघांचा गट 1962 मध्ये बनला. रॉनी ड्रू यांचा आवाज खरखरीत, खडी दळल्यासारखा. त्यांनी स्पेनमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता तिथली गिटार आत्मसात केली होती. ल्यूक केली शेरिफ स्ट्रीटच्या कामगार वस्तीतले, लालसर कुरळ्या केसांचे. इंग्लंडमध्ये मिळेल ती कामे करताना ते तिथल्या डाव्या विचारांच्या लोकगायकांत वावरले होते. कियरन बर्क पत्र्याची छोटी बासरी वाजवत आणि आयरिश भाषेतली गाणी म्हणत. चौथे बार्नी मॅकेना, बँजोवादक. सुरुवातीला गटाचे नाव 'रॉनी ड्रू बॅलड ग्रुप' असे होते. ते ड्रू यांनाच आवडेना. केली तेव्हा जेम्स जॉइस यांचा 'डब्लिनर्स' हा कथासंग्रह वाचत होते, त्यांनी तेच नाव सुचवले. म्हणजे सुरुवातीलाच नावातून एका माणसाचे नाव गेले आणि शहराचे आले. ड्रू यांचे नाव राहिले असते तर पुढे ते बाहेर पडले तेव्हा पाटीच उतरवावी लागली असती.

पहिला बदल 1964 मध्ये झाला. केली इंग्लंडला परतले. त्याआधी कार्यक्रमाच्या मध्यंतरात जॉन शीहान आणि बॉबी लिंच हे दोघे येऊन वाजवत आणि बहुधा उत्तरार्धातही रंगमंचावर तसेच थांबत. आता ते गटातच आले. 1965 मध्ये केली परतले, लिंच बाहेर पडले आणि शीहान राहिले. आपल्याला गटात येण्याबद्दल अधिकृतपणे कुणी कधी विचारलेच नाही, असे शीहान पुढे सांगत. तुमच्यासाठी विशेष सांगण्यासारखे म्हणजे, हे शीहान डब्लिनच्या बोल्टन स्ट्रीट तांत्रिक महाविद्यालयात शिकलेले आणि आयर्लंडच्या वीज मंडळात नोकरी करणारे. गटात संगीताचे रीतसर शिक्षण झालेले तेच एकटे होते. फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, हे त्यांचे मुख्य वाद्य.

आता थोडा वेळ वाद्यांपाशी थांबू, कारण माझ्या मते या इतिहासाची किल्ली तिथेच आहे. फिडलच्या चार तारा जी, डी, ए, ई या स्वरांत लावतात. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे 196 हर्ट्झ. मॅकेना यांनी आपला चार तारांचा बँजो याच क्रमाने, पण एक सप्तक खाली लावला, म्हणजे जाड तार सुमारे 98 हर्ट्झवर. कंपनसंख्या निम्मी झाली, पण तारांमधले अंतर तेच राहिले. परिणामी फिडलवर जी बोटे जिथे पडतात, तीच बँजोवरही पडतात, आणि फिडलसाठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या जिग आणि रील या नृत्यधुना बँजोवर सहज उतरतात. आज आयरिश संगीतात चार तारांचा बँजो सर्रास असाच लावतात. त्याचे मोठे श्रेय मॅकेना यांना दिले जाते.

याचा गटातल्या बदलांशी संबंध काय? या धुना कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. कानावर पडत पडत शिकलेला सामाईक साठा आहे तो. नवा वादक येतो तेव्हा त्यातल्या पुष्कळ धुना त्याला आधीच येत असतात. गाण्याचे मात्र तसे नाही. गाणे गळ्याला चिकटते. वादकाच्या जागी वादक बसवता येतो, पण गायकाच्या जागी दुसरा आणला की तो आपली गाणी घेऊन येतो.

गटाचे नाव मोठे झाले ते 1967 मध्ये, 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' या विनोदी, चावट गाण्याने. आयर्लंडच्या सरकारी प्रसारण संस्थेने त्यावर बंदी घातली. नाव सात रात्रींचे, पण ध्वनिमुद्रिकेत पाचच रात्री आहेत. उरलेल्या दोन त्या काळी म्हणण्याजोग्या नव्हत्या. किनाऱ्याबाहेर जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइन या बिनपरवाना केंद्राने ते गाणे उचलले आणि ते ब्रिटनच्या यादीत 7व्या क्रमांकावर पोहोचले. ड्रू, केली, बर्क, मॅकेना आणि शीहान ही पाच दाढीवाल्यांची रचना अनेक जाणकार आजही 'खरी' मानतात.

ती 1974 मध्ये मोडली. इंग्लंडमधल्या ईस्टबर्न येथे कार्यक्रमात बर्क यांना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि शरीराची डावी बाजू निकामी झाली. त्याच वर्षी ड्रू स्वतंत्रपणे गाण्यासाठी बाहेर पडले आणि जिम मॅकॅन आले. मॅकॅन यांचा आवाज मऊ, ड्रू यांच्या अगदी उलट. त्यांनी ड्रू यांची नक्कल केली नाही, आपली गाणी गायली. 1979 मध्ये ते गेले आणि ड्रू परतले. पण या सगळ्या वर्षांत रंगमंचावर चौघेच होते, हे लक्षात घ्या. पाचवे, बर्क यांचे स्थान भरलेले नव्हते. माणूस आजारी पडला म्हणून लगेच सुटा भाग बदलावा तसा तो बदलला नाही. मी वर्गात सांगतो त्या देखभालीच्या नियमात हे बसत नाही, आणि मला ते बसवायचेही नाही.

30 जून 1980 रोजी कॉर्क शहरातल्या ऑपेरा हाऊसमध्ये केली रंगमंचावर कोसळले. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती साथ देईल तेव्हा ते गात राहिले. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी 1982 मध्ये शॉन कॅनन आले. 30 जानेवारी 1984 रोजी केली गेले, वय 43. कॅनन यांना 'केलींच्या जागी' म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. ती जागा कुणी घेतली नाही, बाजूला एक नवी जागा झाली.

1987 मध्ये गटाला पंचवीस वर्षे झाली. आयर्लंडच्या दूरदर्शनवर 'द लेट लेट शो' या कार्यक्रमाने त्यांच्यासाठी खास भाग केला. त्यात बर्क रंगमंचावर आले. वाद्य वाजवणे शक्य नव्हते, त्यांनी एक कविता म्हटली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्याच 1987 मध्ये 'द पोग्ज' या तरुण गटाबरोबर केलेले 'द आयरिश रोव्हर' ब्रिटनमध्ये 8व्या क्रमांकावर गेले आणि गिटारवादक इमन कॅम्बेल कायमचे सदस्य झाले.

पुढचे बदल झटपट सांगतो. 1995 मध्ये ड्रू पुन्हा बाहेर पडले, या वेळी कायमचे. पॅडी रायली आले, ज्यांचे 'द फील्ड्स ऑफ ॲथनराय' आयर्लंडमध्ये घरोघरी पोहोचलेले होते. 2005 मध्ये त्यांच्यानंतर पॅट्सी वॉचॉर्न आले. ड्रू 2008 मध्ये वारले. म्हणजे केली आणि ड्रू, हे दोन आवाज ज्यांच्यामुळे लोक या गटाला ओळखत, ते दोन्ही नसतानाही नाव चालू होते. का? मॅकेना आणि शीहान बसलेले होते म्हणून. श्रोत्यांची नजर गायकावर असते, पण गटाचा नाद बँजो आणि फिडल यांच्या जोडीत होता आणि ती जोडी 1964 पासून मोडलेली नव्हती.

5 एप्रिल 2012 रोजी, पन्नासाव्या वर्षाच्या दौऱ्याच्या दिवसांत, मॅकेना यांचे निधन झाले. 1967 च्या पाच जणांतले शीहान आता एकटे उरले. बँजोवादक म्हणून जेरी ओ'कॉनर आले, वर्षभराचे ठरलेले कार्यक्रम पार पडले आणि वर्षअखेरीस शीहान थांबले. 'द डब्लिनर्स' हे नावही तिथेच थांबले. बाकीच्यांनी गाणे सोडले नाही, पण ते 'द डब्लिन लेजंड्स' या नव्या नावाने गाऊ लागले. कॅम्बेल तर 2017 मध्ये नेदरलँड्समध्ये दौऱ्यावर असतानाच वारले.

तुमच्या महाविद्यालयातही एखादा वाद्यवृंद असेल. दर जून महिन्यात त्यातले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी निघून जातात. त्याचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा गायकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. मागच्या रांगेत कोण किती वर्षे बसले होते, ते आधी विचारा.