कुंडीतील सेंद्रिय टोमॅटो : आधी लक्षण ओळखा, मग खत द्या

कुंडीत मुळांना मोजकीच माती मिळते. रोजच्या पाण्याबरोबर नत्र व पालाश निचऱ्यातून वाहून जातात. सेंद्रिय खतातील बरीच अन्नद्रव्ये जिवाणूंनी कुजवल्यावरच मुळांना मिळतात. म्हणून पाने पिवळी दिसताच हाती येईल ते खत टाकू नये. प्रथम बोटभर खोल ओल तपासावी. साचलेल्या पाण्यानेही पाने पिवळी पडतात. निचरा ठीक असल्यास लक्षण जुन्या पानांवर आहे की नव्या, हे पाहावे.

जुन्या, खालच्या पानांवर लक्षणे
• नत्र : पूर्ण पान फिकट पिवळे, वाढ खुंटलेली. १५ ते २० लिटरच्या कुंडीस दोन मुठी गांडूळखत व अर्धी मूठ निंबोळी पेंड मातीत मिसळावी. दहा पट पाण्यात मिसळलेले जीवामृतही द्यावे.
• पालाश : पानांच्या कडा करपतात. राख चमचाभरच द्यावी. ती मातीचा सामू वाढवते व जादा पालाश मॅग्नेशियमचे शोषण रोखते.
• मॅग्नेशियम : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे. प्रमाणित सेंद्रिय शेतीत आधी प्रमाणीकरण संस्थेला विचारावे.

नव्या पानांवर लक्षणे
• लोह : शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या. चुनखडीयुक्त काळी माती व बोअरचे जड पाणी ही नेहमीची कारणे. अशा कुंडीत राख किंवा चुना अजिबात टाकू नये. कंपोस्ट वाढवावे, शक्य असल्यास पावसाचे पाणी वापरावे.

फळाचे बूड काळे पडल्यास
फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून ही विकृती येते. मातीत कॅल्शियम पुरेसे असूनही कधी कोरडी, कधी चिंब अशी कुंडी राहिल्यास ती दिसते. अंड्याची टरफले कुजायला महिने लागतात, त्यामुळे चालू बहर वाचत नाही. पाणी थोडे थोडे, नियमित द्यावे. पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. नत्र आवरते ठेवावे. बाधित फळे सुधारत नाहीत, ती काढून टाकावीत.

एका वेळी एकच उपाय करावा. पिवळे झालेले जुने पान सहसा पुन्हा पूर्ण हिरवे होत नाही. दहा-बारा दिवसांनी नवी पाने निरोगी आली, तर निदान बरोबर समजावे.