दाढीचे यंत्र

दाढीचे यंत्र : दाढीचे केस त्वचेलगत कापण्यासाठी वापरावयाचे, पात्याची धार त्वचेत खोल जाऊ नये अशी योजना असलेले हाताचे उपकरण. व्यवहारात त्यास ‘रेझर’ व त्यातील पात्यास ‘ब्लेड’ म्हणतात. उघड्या वस्तऱ्याहून ते दोन बाबतींत वेगळे आहे : धारेपुढे संरक्षक कड किंवा कंगवा असतो आणि बोथट झालेले पाते परजत न बसता बदलता येते. याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सुटे दुधारी पाते धातूच्या डोक्यात ठेवून मूठ फिरवून आवळतात. दुसऱ्यात दोन ते पाच, क्वचित सहा, पाती प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमची बसविलेली असतात व ती सबंध चौकट, म्हणजे कार्ट्रिज, बदलावी लागते. पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे झालेले संक्रमण हा केवळ पात्यांची संख्या वाढत गेल्याचा इतिहास नव्हे; त्यात पोलादाची निर्मिती, पेटंटांची मुदत आणि विक्रीची पद्धत यांचाही तितकाच वाटा आहे.

पूर्वेतिहास : घडीच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणे हे कसबाचे काम होते. त्यामुळे ते बहुधा कारागिराकडेच राहिले. महाराष्ट्रातील बारा बलुतेदारांपैकी न्हावी हा असा कारागीर. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर व धार लावण्याची साधने असत. स्वतःची दाढी स्वतः करता यावी, या दृष्टीने झां झाक पेरे या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्तऱ्याला लाकडी संरक्षक आवरण बसविले व या विषयावर एक ग्रंथही लिहिला. विल्यम हेन्सन या इंग्रज संशोधकाने १८४७ मध्ये पाते मुठीशी काटकोनात, कुदळीसारखे बसविण्याची रचना योजिली. अमेरिकेत कांफे बंधूंनी १८८० मध्ये ‘सुरक्षित वस्तऱ्या’चे पेटंट मिळविले. तथापि या सर्व उपकरणांतील पाते जाड व घडीव असल्याने ते वरचेवर परजावेच लागे.

जिलेट यांचे यंत्र : हा प्रश्न किंग कँप जिलेट (१८५५–१९३२) यांनी वेगळ्या दिशेने सोडविला. बाटल्यांच्या बुचांचा धंदा करणाऱ्या कंपनीचे ते फिरते विक्रेते होते. एकदा वापरून फेकून देण्याजोगी वस्तू शोधावी, हा सल्ला त्यांना बुचाचे संशोधक विल्यम पेंटर यांच्याकडून मिळाला होता. पातळ पोलादी पत्र्याचे, दोन्ही कडांना धार असलेले व बोथट झाल्यावर टाकून द्यावयाचे पाते ही कल्पना त्यांना १८९५ मध्ये सुचली. परंतु इतक्या पातळ पत्र्याला पाणी दिल्यास तो वाकडा होतो. म्हणून मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील तज्ञांनी ही गोष्ट अशक्य ठरविली. अखेर त्याच संस्थेत शिकलेले विल्यम निकरसन यांनी पत्रा कठीण करण्याची व धार लावण्याची यंत्रे सिद्ध केली. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघी ५१ यंत्रे खपली. पुढील वर्षी हा आकडा ९०,००० वर गेला. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सु. ३५ लाख यंत्रे घेतली. युद्धाहून परतलेल्या सैनिकांबरोबर घरीच दाढी करण्याची सवय समाजात पसरली.

मूठ स्वस्त द्यावी व पात्यांवर नफा मिळवावा, ही विक्रीची युक्ती जिलेट यांच्या नावावर नेहमी सांगितली जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पेटंट अबाधित होते तोवर यंत्राची किंमत पाच डॉलर, म्हणजे सामान्य कामगाराला सहज न परवडणारी, ठेवण्यात आली होती. पेटंटाची मुदत १९२१ मध्ये संपली आणि त्यानंतर जुन्या धर्तीचे यंत्र एक डॉलरला मिळू लागले. शिकागो विद्यापीठातील विधिज्ञ रँडल पिकर यांनी ही विसंगती साधार दाखवून दिली आहे.

पेटंट संपल्यावर इतर कारखानदारही त्याच मापाची पाती काढू लागले. हेन्री गेझमन यांच्या पात्यांवरून निर्माण झालेला वाद १९३० मध्ये त्यांची व जिलेट यांची कंपनी एकत्र होऊन मिटला. मध्यभागी लांब खाच असलेले पाते पुढे सर्वमान्य झाले. परिणामी कोणत्याही देशात बनलेले दुधारी पाते अनेक दशकांपूर्वीच्या यंत्रातही बसते. मूठ एकाची व पाते दुसऱ्याचे घेण्याची ही मोकळीक ग्राहकाला मिळालेली मोठी देणगी होय.

अगंज पोलाद : साध्या कर्बी पोलादाचे पाते ओलाव्याने लवकर गंजे. १९६० नंतर विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने अगंज पोलादाचे, धारेवर निसरडा लेप दिलेले पाते बाजारात आणले. ते कितीतरी अधिक वेळा वापरता येई. जिलेट कंपनीलाही १९६३ मध्ये तसेच पाते काढावे लागले. अशा पात्याची जाडी सु. ०·१ मिमी. असते व पोलादात सु. १३ टक्के क्रोमियम असते. मात्र पाते अधिक टिकले की त्याचा खप घटतो. शिवाय माप सर्वांना खुले असल्याने किंमत वाढविण्यासही फारसा वाव नव्हता. उत्पादकांपुढील ही अडचण पुढील घडामोडी समजण्यास उपयोगी पडते.

बहुपाती कार्ट्रिज : विल्किन्सन कंपनीने १९७० मध्ये एकच पाते प्लॅस्टिकमध्ये पक्के बसविलेले कार्ट्रिज काढले व जिलेट कंपनीने १९७१ मध्ये दोन पात्यांचे. पहिले पाते केस कापताना त्याला किंचित बाहेर ओढते आणि केस मागे सरकण्याच्या आत दुसरे पाते त्याला आणखी खाली कापते, असे या रचनेचे तत्त्व सांगितले जाते. १९७७ मध्ये वळणारे डोके आले व १९९० मध्ये स्प्रिंगांवर तोललेली पाती. १९७५ मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात तीन पात्यांच्या यंत्राची काल्पनिक जाहिरात थट्टेने दाखविली गेली. १९९८ मध्ये तसे यंत्र खरोखरच विक्रीस आले. २००३ मध्ये शिक कंपनीने चार पाती आणली, तर २००६ मध्ये जिलेटने पाच. प्रत्येक नवी रचना नव्या पेटंटांनी संरक्षित असे आणि एका प्रकारच्या मुठीवर दुसऱ्या प्रकारचे कार्ट्रिज सहसा बसत नसे. दुधारी पात्याने दिलेली मोकळीक अशा रीतीने संपुष्टात आली.

गुणदोष : कार्ट्रिजमध्ये पात्याचा कोन ठरलेला असतो व डोके चेहऱ्याच्या वळणानुसार वळते. त्यामुळे नवशिक्यालाही झटपट व बहुधा न कापता दाढी करता येते. हा लाभ खरा आहे. दुधारी यंत्रात कोन हाताने सांभाळावा लागतो व दाब न देता यंत्राच्या वजनानेच काम करून घ्यावे लागते. हे अंगवळणी पडण्यास काही दिवस लागतात. उलट, केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेल्यास, विशेषतः तो कुरळा असल्यास, वाढताना त्वचेतच शिरतो व पुरळ उठते. हा त्रास असणाऱ्यांना एकपाती यंत्र वापरण्याचा सल्ला दिला जातो. अनेक पात्यांच्या फटींत केस व साबण अडकतो. झिजलेले दुधारी पाते निव्वळ पोलाद असते. कार्ट्रिजमध्ये धातू व प्लॅस्टिक एकजीव झालेले असल्याने त्याचा पुनर्वापर अवघड जातो. खर्चातील फरक तर उघड आहे. दोन्ही प्रकारांत केस आधी कोमट पाण्याने चांगले भिजविणे अगत्याचे असते, कारण भिजलेला केस कापण्यास पुष्कळच कमी जोर लागतो.

केसाहून सु. पन्नासपट कठीण असलेले पोलाद केसानेच बोथट का व्हावे, याचा उलगडा मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये केला. धार नुसती झिजत नाही. पोलादाची सूक्ष्मरचना एकसारखी नसते आणि केस विशिष्ट कोनात वाकला असता धारेचे बारीक टवके उडतात. जिलेट यांची कल्पना ज्या संस्थेत अशक्य ठरविली गेली होती, तेथेच हे संशोधन व्हावे हा योगायोग लक्षणीय आहे.

सद्यःस्थिती : अमेरिकेत २०११ नंतर टपालाने स्वस्त कार्ट्रिजे पुरविणाऱ्या कंपन्या निघाल्या व २०१७ मध्ये जिलेटला तेथील किंमती कमी कराव्या लागल्या. भारतासाठी तर याच कंपनीने २०१० मध्ये एकाच पात्याचे कार्ट्रिज काढले. तेव्हा मुठीची किंमत १५ रुपये व कार्ट्रिजची ५ रुपये होती. भांड्यात थोडेसे पाणी घेऊन दाढी करणाऱ्याला सहज धुता येणारे यंत्र हवे, हा विचार त्यामागे होता. पात्यांची संख्या हे प्रगतीचे एकमेव माप नव्हे, याची ही उत्पादकाने स्वतःच दिलेली कबुली म्हणता येईल. दुधारी पातेही मागे पडलेले नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने केशकर्तनालयांतून परजण्याचा वस्तरा हटला. त्याच्या जागी वस्तऱ्याच्याच आकाराची, पाते बदलता येणारी मूठ आली. दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग तीत बसवितात आणि दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात. स्वतःची दाढी स्वतः करता यावी म्हणून निघालेले पाते अशा प्रकारे न्हाव्याच्याच हाती परत आले आहे.